आईचें चालणें

मूल पहिलें पाऊल टाकतें त्या दिवशीं घरांत केवढा उत्सव होतो! आजी दृष्ट काढते, वडील कामावरून परतल्यावर तो पराक्रम पुन्हां पाहण्याचा हट्ट धरतात, आणि आई तर पुढचीं दोन-तीन वर्षें त्या चिमुकल्या पावलांच्या मागें धांवण्यांतच घालविते. पुढें शाळा, शिकवणी, परीक्षा, आजारपणें, मुंज, सहली अशीं शेंकडों कामें निघतात. त्यांत वीस वर्षें कशीं सरलीं हें तिचें तिलाहि कळत नाहीं. मग केव्हां तरी तिच्या लक्षांत येतें कीं, धाकटा आतां स्वतःची सायकल घेऊन शिकवणीस जातो, थोरली पुण्यास वसतिगृहांत राहते, कोणालाहि पोंचवावयास वा आणावयास जावें लागत नाहीं. आणि मालटेकडीच्या निम्म्या चढावर आपल्याला मात्र दम लागतो.

अमरावती-अकोल्याकडील आपल्या घरांतून ही अवस्था आतां सार्वत्रिक झाली आहे. अकोल्यास तर वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करण्यासाठीं भोंवतालच्या जिल्ह्यांतून मुलें येऊन राहतात, आणि कित्येक आयाहि त्यांच्या जेवणाखाण्यासाठीं तेथें बिऱ्हाड थाटतात. अशा घराचें घड्याळ मुलाच्या वर्गांच्या वेळापत्रकावर चालतें. मुलगा दिवसभर खुर्चीवर आणि आई ओट्याशीं. मुलाच्या बैठकीची चिंता घरांत सर्वांना असते, त्याला पाठदुखी लागूं नये म्हणून खुर्ची बदलली जाते. परंतु आईच्या पायांची चौकशी कोणी करीत नाहीं. दोष कोणा एकाचा नाहीं. तिनें स्वतःच ती कधीं केलेली नसते.

आणि नेमक्या ह्याच वयांत तिच्या शरीरांत मोठा पालट होत असतो. आपल्या देशांतील स्त्रियांची ऋतुनिवृत्ति साधारणतः ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास होते. पाश्चात्य देशांतील स्त्रियांहून तीन-चार वर्षें तरी अगोदर. तोंपर्यंत ज्या अंतःस्रावाचें पाठबळ तिच्या हाडांना व रक्तवाहिन्यांना लाभलेलें असतें, तो ओसरूं लागतो. हाडें विरळ होऊं लागतात, कमरेभोंवतीं मेद सांठतो, झोंप तुटक होते, रक्तदाब आणि रक्तांतील साखर वर सरकूं पाहते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेहाच्या रोग्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यांत आपल्याच आत्या, मावश्या, जावा आहेत. मुलांचें शिक्षण पुरें होऊन घरास जरा स्वस्थता येते न येते तोंच आईची औषधांची डबी भरूं लागते, ही आपल्या घराघरांतील गोष्ट आहे.

यावर उपाय म्हणून 'रोज अर्धा-पाऊण तास चालावयास जात जा' असें कोणी सुचविलें कीं उत्तर ठरलेलें असतें. 'इश्श! दिवसभर घरांत का थोडें चालणें होतें?' ह्या उत्तरांत तथ्य नाहीं असें नाहीं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग-पाहणींत असें दिसून आलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजचीं सरासरी २८९ मिनिटें त्या बिनपगारी कामांत जातात. घरकामास हात लावणाऱ्या पुरुषाचीं ८८. म्हणजे तिची जवळजवळ पांच तासांची राबणूक आणि त्याचा जेमतेम दीड तास! परंतु ह्याच्या शेजारीं दुसरा आंकडा ठेवून पाहावा. २०२४ सालीं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' ह्या वैद्यकीय नियतकालिकानें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं भारतांतील शेंकडा ५७ प्रौढ स्त्रियांची हालचाल प्रकृतिस्वास्थ्यास पुरेशी नव्हती. पुरुषांत हेंच प्रमाण शेंकडा ४२ होतें. एवढी राबणारी बाई व्यायामांत उणी ठरावी हें विलक्षण दिसतें खरें, पण त्याचें कारण आपल्या स्वयंपाकघरांतच सांपडतें. तेथलें काम बहुतेक उभ्यानें, चार पावलांच्या आंत आणि तुकड्यातुकड्यांनीं होणारें असतें. फोडणी घाला, दार उघडा, फोन घ्या, पुन्हां ओट्याशीं या. पाय दुखतात, पाठ भरून येते. परंतु हृदय व फुप्फुसें ह्यांना सलग दहा मिनिटेंहि जोराचें काम मिळत नाहीं. थकवा आणि व्यायाम ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें आपण ध्यानांत घेत नाहीं.

आपल्या पणज्या पहांटे जात्यावर बसत, आडाचें पाणी ओढीत, नदीवर धुणें नेत. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचें मुळींच कारण नाहीं. त्यांनीं कितीएक बायकांच्या कमरा अकालीं मोडल्या. जातें गेलें तें उत्तमच झालें. मात्र त्या कष्टांबरोबर शरीरास जी चालना मिळे तीहि गेली, आणि तिची भरपाई आपण दुसऱ्या कोणत्याहि रूपानें केली नाहीं, एवढेंच सांगावयाचें आहे. आजहि वऱ्हाडांत कापसाच्या वेंचणीच्या दिवसांत ज्या बाया उजाडतांच शेताची वाट धरतात, त्यांना हा लेख वाचावयाची गरज नाहीं. त्यांना गरज आहे ती विश्रांतीची आणि पुऱ्या मजुरीची. चालण्याचा उपदेश आहे तो मिक्सर, गॅस आणि दाराशीं उभी असलेली स्कूटर ज्यांना लाभली आहे अशा आपल्यासारख्यांना.

चालण्यानें खरोखर काय साधतें, ह्याचा शास्त्रज्ञांनीं कसून तपास केला आहे. १९५३ सालीं लंडनच्या जेरेमी मॉरिस ह्या वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, एकाच शहरांत काम करणारे दोन प्रकारचे लोक: चालक दिवसभर बसून असे, तर वाहक दिवसभर जिना चढउतर करी. हृदयविकाराचें प्रमाण वाहकांत चालकांपेक्षां स्पष्टपणें कमी आढळलें. पुढें १९९९ सालीं अमेरिकेंत ४० ते ६५ वयाच्या ७२,००० हून अधिक परिचारिकांची आठ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यांतून तीन तास किंवा अधिक भरभर चालणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका क्वचितच चालणाऱ्यांपेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें कमी दिसला. ह्या पाहणींतील स्त्रिया वयानें आपल्यासारख्याच होत्या, आणि त्या कोणी मल्ल नव्हत्या, हें विशेष.

आतां 'रोज दहा हजार पावलें' ह्या घोषणेविषयीं दोन शब्द. अनेक भगिनी मनगटावरील यंत्रांत हा आंकडा भरला नाहीं म्हणून खट्टू होतात. ह्या आंकड्याचा उगम प्रयोगशाळेंत नसून जपानांतील एका जाहिरातींत आहे. १९६५ सालीं तेथें पावलें मोजण्याचें एक यंत्र 'दहा हजार पावलांचें मापक' अशा अर्थाच्या नांवानें विकावयास आलें, आणि तो आंकडा जगभर रूढ झाला. २०१९ सालीं सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांची एक अमेरिकन पाहणी प्रसिद्ध झाली. तींत रोज सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां ४,४०० पावलें चालणाऱ्यांचा मृत्युदर शेंकडा ४१ नीं कमी आढळला, आणि सुमारें ७,५०० पावलांनंतर त्यांत आणखी घट दिसली नाहीं. तेव्हां दहा हजार होत नाहींत म्हणून दोन हजारांवरच बसून राहणें हा शुद्ध आत्मघात होय.

आणि ही कल्पना आपल्याकडे नवी थोडीच आहे! चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेह कोणास गांठतो हें सांगतांना, खाण्याचा लोभ आणि स्नानाचा व चालण्याचा तिटकारा असलेल्या माणसाचें नांव घेतलेलें आहे. सुश्रुतानें तर निर्धन प्रमेह्यास शंभर योजनें पायीं प्रवास करण्याची चिकित्सा सांगितली. जेवणानंतरची शतपावली आपल्या घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे. जेवणानंतर थोडें चालल्यानें रक्तांतील साखर एकदम उसळत नाहीं, हें आजच्या परीक्षणांनींहि दाखविलें आहे. गंमत अशी कीं शतपावली घालीत ते घरांतले पुरुष. बाई त्या वेळीं मागची पंगत वाढीत असे किंवा खरकटें आवरीत असे. ही शतपावली आतां तिनें हक्कानें मागून घ्यावी.

शतपावलीचें हें माप आणखीहि एका कामीं उपयोगी पडतें. मध्यम वेगाचा व्यायाम घडावयाचा तर मिनिटास सुमारें शंभर पावलें पडावींत, असें आजचें शास्त्र सांगतें. म्हणजे मिनिटाला एक शतपावली! अशा तीस शतपावल्या झाल्या कीं अर्धा तास पुरा झाला. ह्याहून सोपी खूण हवी असेल तर अशी: चालतांना बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें असा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा-अर्धा तास काढला तरी पहिली मर्यादा गांठली जाते.

वऱ्हाडांतील बाईला चालणें परकें नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचें माहेर. तेथून आषाढीसाठीं निघणारी रुक्मिणीची पालखी १५९४ पासूनची असल्याचें परंपरा सांगते. माहेराहून सासरापर्यंतची ही वाट शेंकडों मैलांची, आणि वारीच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेऊन बायका चालतात. अकोल्यास श्रावणांत पूर्णेचें जल गांधीग्रामाहून कावडींनीं राजराजेश्वरास आणतात, तेव्हां सारें शहर चालणाऱ्यांच्या स्वागतास रस्त्यावर येतें. देवासाठीं चालणें आपल्याला शोभून दिसतें; स्वतःच्या देहासाठीं चालावयाचें म्हटलें कीं मात्र संकोच वाटतो. 'लोक काय म्हणतील, एवढी मोठीं मुलें असलेली बाई बूट घालून रस्त्यानें फिरते!'

हा संकोच अमरावतीकरांना तर शोभत नाहीं. ज्या शहरांत १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव वैद्य ह्या बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, ज्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आणि १९४९ सालीं स्वीडनमधील लिंगियाड महोत्सवांत भारतीय व्यायामाचीं प्रात्यक्षिकें जगासमोर ठेवलीं, त्या शहरांत व्यायाम ही लाजेची बाब कशी असेल? आज तेथील शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत मुली धांवतात, मल्लखांबावर चढतात. त्यांच्या आयांनीं निदान चालावें.

चालावें तरी कोठें, असा प्रश्न येईल. अमरावतीचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांपासून येथील सावकार-व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या राजवटींत १८०७ सालीं जुन्या शहरासभोंवतीं दगडी परकोट बांधण्यास आरंभ झाला. त्याला पांच दरवाजे आणि चार खिडक्या. आणि जुन्या नोंदींप्रमाणें त्याचा घेर सव्वादोन मैलांचा, म्हणजे सुमारें साडेतीन किलोमीटरांचा. बेताच्या चालीनें पाऊण तासाची ही अगदीं बेतशीर फेरी आहे! परकोट आतां जागोजागीं ढांसळला आहे, त्याला लागून घरें-दुकानें उठलीं आहेत, सलग वाट उरलेली नाहीं. तरी अंबा गेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ह्या खुणा धरून पहांटेच्या निवांत वेळीं गल्ल्यांतून जुन्या शहराला वळसा घालतां येतो. ज्यांना गर्दी नको त्यांना वडाळी तलाव आहे, छत्री तलाव आहे. आणि ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांना मालटेकडीचा चढ आहे. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचा वृक्षांनीं भरलेला विस्तीर्ण परिसर सकाळच्या फिरण्यासाठीं सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाय गांधी-जवाहर बाग आणि नेहरू पार्क आहेत.

वेळेचा विचार मात्र वऱ्हाडांत फार सांभाळून केला पाहिजे. आमचें ऊन्ह पुण्या-मुंबईच्या लेखकांस ठाऊक नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं ३१ मेपर्यंत जमावबंदीचें १४४ कलम लावून शिकवणीवर्गांच्या वेळाहि भर उन्हाच्या बाहेर ठेवावयास लावल्या. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंत सूर्य वर येण्यापूर्वींच फिरून परतावें. निघण्याआधीं पाणी प्यावें, परतल्यावर लिंबाचें सरबत किंवा ताक घ्यावें. चालतां चालतां डोकें गरगरलें, मळमळलें, तर तत्काळ सावलींत बसावें. 'आज एवढी फेरी पुरी करूंच' असा हट्ट करूं नये. श्रावण-भाद्रपदांत चिखल व निसरडें सांभाळावें. अशा दिवशीं गच्चीवर किंवा वसाहतीच्या आवारांतच फेऱ्या घालाव्यात. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस तर वऱ्हाडांत चालण्यासाठींच असतात असें म्हटलें तरी चालेल. आरंभ करावयाचा तर तेव्हांच करावा.

आरंभहि हळूहळूच व्हावा. पहिल्या आठवड्यांत रोज दहा-पंधरा मिनिटें पुरेत. दर आठवड्यास पांच मिनिटें वाढवीत महिन्याभरांत अर्ध्या तासावर यावें. चपला घालून भरभर चालूं नये. पायाला नीट बसणारे, टांच धरून ठेवणारे बूट घ्यावेत. लुगडें असो, पातळ असो वा पंजाबी पोषाख असो, पाऊल मोकळें पडावें म्हणजे झालें. अंगावर दागिना बेताचा असावा, आणि उजेड पुरता नसेल तेव्हां एकटीनें सुनसान वाट धरूं नये. दोघी-तिघींनीं मिळून जावें. मैत्रीण दाराशीं उभी राहिली म्हणजे आळसाला सबब उरत नाहीं. छातींत दुखत असेल, थोड्याशा श्रमानें धाप लागत असेल, मधुमेहाचीं औषधें चालूं असतील किंवा गुडघे सुजत असतील, तर आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि नुसतें चालणें हाडांना व स्नायूंना पुरत नाहीं हेंहि लक्षांत असूं द्यावें. आठवड्यांतून दोन दिवस खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा-बारा वेळां उठावें-बसावें, जिना चढावा, पाण्यानें भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन वर-खालीं कराव्यात, किंवा पूर्वींचे सूर्यनमस्कार जमतील तितके घालावेत.

एवढें सर्व ठाऊक असूनहि पुष्कळ जणींचें चालणें आठ दिवसांत बंद पडतें, आणि त्याचें कारण पायांत नसतें, घरांत असतें. सकाळीं सहा ते सात ही वेळ सगळ्या घराची असते आणि घर आईचें असतें. चहा, डबे, कोणाचा मोजा हरवलेला, कोणाला उठवावयाचें. ह्या घटकेंतून आई उठून गेली तर घर अडेल, ही भीति तिलाच सर्वांत अधिक वाटते. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला त्रिकोणमिति येत असेल तर त्याला स्वतःचा चहाहि करतां यावा. एकोणीस वर्षांची मुलगी सुटींत घरीं आली असतां तिनें आणि तिच्या भावानेंहि पोळ्या लाटाव्यात. पतिराजांनीं डबा भरला म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेस बाध येत नाहीं. आईनें हें रागानें करूं नये, उपकार मागितल्यासारखेंहि करूं नये. 'उद्यांपासून सहा ते पावणेसात मी घरीं नसेन,' एवढें आदल्या रात्रीं शांतपणें सांगावें आणि सकाळीं खरोखर निघावें. पहिले चार दिवस दूध उतूं जाईल. पांचव्या दिवशीं कोणी तरी गॅसजवळ उभें राहावयास शिकेल.

कधीं मुलांपैकीं कोणी बरोबर यावयास तयार झालें तर त्याला अवश्य न्यावें. पौगंडावस्थेंतील मुलाला समोर बसवून 'काय रे, काय चाललें आहे तुझें?' असें विचारलें कीं तो 'कांहीं नाहीं' ह्यापलीकडे बोलत नाहीं. तोच मुलगा शेजारीं चालूं लागला, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाहीं असें झालें, कीं दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर आपण होऊन बोलूं लागतो: परीक्षेची धास्ती, मित्राशीं झालेला अबोला, वडिलांना सांगावयाचें धैर्य न झालेली एकादी गोष्ट. त्या वेळीं उपदेश करूं नये; पाऊल न थांबवितां ऐकून घ्यावें.

मुलींच्या दृष्टीनें तर ह्याचें मोल फार मोठें आहे. आई आपल्या देहाविषयीं काय बोलते हें मुलगी ऐकत नाहीं. ती कसें वागते हें मात्र पाहत असते. 'माझें काय, चालायचेंच,' असें म्हणत गुडघे चोळीत बसलेली आई पाहून मुलगी हेंच शिकते कीं बाईनें पंचेचाळिशीनंतर दुखणें अंगावर काढावयाचें असतें. आणि त्याच आईला रोज ठरल्या वेळीं बुटाचे बंद बांधून निघतांना पाहिलें, तर तिलाहि कळतें कीं संसारांत राहूनहि स्वतःसाठीं पाऊण तास काढतां येतो, आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

मुलें पुढें दूरच्या शहरांत, कदाचित् दूरच्या देशांत जातील. त्यांनीं परत येऊन आपली सेवा करावी ही अपेक्षा आजच्या काळांत कितपत पुरी होईल तें सांगतां येत नाहीं. ती ठेवणेंहि रास्त नव्हे. परंतु सत्तराव्या वर्षीं आपल्या पायांनीं बाजारांत जाऊन मेथीची जुडी निवडून आणतां यावी, नातवंडें आलीं तर त्यांना अंबादेवीच्या दर्शनास चालत नेतां यावें, दवाखान्याची पायरी चढावयास कोणाच्या खांद्याची वाट पाहावी लागूं नये, एवढी बेगमी आजपासून करतां येणें आपल्या हातीं आहे. तिला पैसा लागत नाहीं. लागतो तो पाऊण तास. आणि तो मागावयाचा आहे तोहि आपल्याच घराकडून.